मागच्या अंगणाचं काय करावं? (२२ × १३ फूट, दक्षिणेला भिंत, मधोमध चेंबर)

पागोळी | ९ मार्च, दुपारी

नमस्कार मंडळी. पुण्यात धायरीच्या बाजूला रो-हाउस घेतलंय. मागे २२ फूट लांब आणि १३ फूट रुंद अशी जागा आहे. घराची पाठ दक्षिणेला. मागचं दार उघडलं की समोर सात फुटी कंपाउंड वॉल, आणि तिच्यापलीकडे पाठीला पाठ लावून दुसऱ्या रांगेतल्या घराचं असंच अंगण. सध्या तिथे बिल्डरने टाकलेला मुरूम, त्यात अर्ध्या विटा, सिमेंटचे गठ्ठे, शेवटच्या घटका मोजणारी एक जास्वंद, कपडे वाळत घालायच्या दोऱ्या आणि बरोब्बर मधोमध ड्रेनेजचं चेंबर.

मागण्या अशा: साबांना (सासूबाईंना) तुळस आणि प्राजक्त. नवऱ्याला संध्याकाळी चहा घेत बसायला चार खुर्च्यांची जागा. मला मिरच्या, टोमॅटो, पालेभाजी. लेकीला झोपाळा. भांड्यांची मोरी मागेच राहणार.

एका लँडस्केपवाल्याला बोलावलं होतं. त्याने टॅबवर थ्रीडी चित्र दाखवलं: सगळीकडे कृत्रिम हिरवळ, कोपऱ्यात फायबरचा धबधबा, चार पाम. चित्रात मोरी नव्हती, दोऱ्या नव्हत्या, चेंबरही नव्हतं. आकडा ऐकून त्याला चहा पाजला आणि रवाना केला. आता तुम्हीच सांगा.

गवती_चहा | ९ मार्च, संध्याकाळी

रुमाल टाकून ठेवते, म्हणजे धागा वाचत राहीन. आमचंही असंच आहे, फक्त याच्या निम्मं.

मुरूमखडी | ९ मार्च, रात्री

झाडांच्या याद्या आता येतीलच. त्याआधी पाण्याचं बघा, कारण नंतर ते बघायला सगळं उखडावं लागतं.

पुण्यात वर्षाला साधारण ७०० मिमी पाऊस. तुमच्या गच्चीचा मागे उतरणारा भाग ४० चौरस मीटर धरू. चौरस मीटर गुणिले मिलिमीटर म्हणजे थेट लिटर: २८,०००. पाचवा हिस्सा वाया गेला म्हणा, तरी वीस-बावीस हजार लिटर पाणी एका पाइपातून तुमच्या त्या पिटुकल्या अंगणात पडणार आहे, तेही बहुतेक चार महिन्यांत. ते कुठे जाणार, हा पहिला प्रश्न.

उतार घरापासून भिंतीकडे द्या. दहा फुटांना दीड इंच, म्हणजे तुमच्या तेरा फुटांत दोन इंच पुरे. डोळ्यांना कळत नाही, पाण्याला कळतो. भिंतीच्या कडेने फूटभर रुंद खडीचा चर, तो एका कोपऱ्यात शोषखड्ड्याला किंवा सोसायटीच्या पावसाळी गटाराला जोडा. हे पाणी त्या मधल्या चेंबरमध्ये सोडायचा सल्ला कोणीतरी देईलच. सोडू नका. मोठ्या सरीला सांडपाण्याची लाइन तुंबते आणि मैला उलटा वर येतो.

चेंबर फरशीखाली गाडायचं नाही. चौकटीत फरशीचाच तुकडा बसवलेलं झाकण करून मिळतं, आजूबाजूच्या फरशीत मिसळून जातं. त्याच्यावर दोन माणसांना उचलता येणार नाही असं काही ठेवायचं नाही, इतकं पाळा.

आणि घराच्या भिंतीला लागून माती नको. जमिनीची तयार पातळी जोत्याच्या निदान सहा इंच खाली राहिली पाहिजे. माती जोत्यावर चढली की दोन पावसाळ्यांत आतल्या खोलीच्या रंगाला पोपडे येतात आणि मग रंगाऱ्याला शिव्या बसतात.

दवबिंदू | १० मार्च, सकाळी

कृत्रिम हिरवळीला नाही म्हणालात ते बरं केलंत. पण खरी हिरवळ कराच! मेक्सिकन ग्रासचे तुकडे नर्सरीत मिळतात. जूनमध्ये लावलं की गणपतीपर्यंत गालिचा. सकाळी अनवाणी चालण्याचं सुख वेगळंच.

जुना_माळी | १० मार्च, दुपारी

दवबिंदू, सुख मान्य. पण ते बारीक पातीचं गवत दिवसभराचं ऊन मागतं, आणि यांच्याकडे सात फुटी भिंत दक्षिणेला आहे. सावलीत ते विरळ होतं, खाली शेवाळ धरतं, आणि मोकळ्या जागेत लव्हाळा घुसतो. लव्हाळ्याच्या गाठी जमिनीत खोल असतात, वरून उपटून काही होत नाही. त्यातून कापणी, उन्हाळ्यात रोज पाणी. पुण्यात मार्चपासून टँकर सुरू होणाऱ्या सोसायट्या आहेत, तिथे हे शोभत नाही. तीनशे चौरस फुटांत चार खुर्च्या हलवत राहिलात तर गवताला टक्कल पडणारच.

कृत्रिम हिरवळ विकणाऱ्याला एप्रिलमध्ये दुपारी दोनला त्याच्याच नमुन्यावर अनवाणी उभं करावं.

आता तुमच्या जास्वंदीबद्दल. पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या, असं दिसतंय का? नवीन पानांवर जास्त?

पागोळी | १० मार्च, दुपारी

हो!! अगदी तसंच. तुम्हाला न बघता कसं कळलं? मी तिला शेणखत घातलं, पाणी वाढवलं, काही फरक नाही.

जुना_माळी | १० मार्च, रात्री

बिल्डरच्या मलब्यात ते ठरलेलं असतं. सिमेंट, चुना, प्लास्टरचे तुकडे मातीला अल्कधर्मी करतात. अशा मातीत लोह असलं तरी मुळांना उचलता येत नाही. म्हणून कोवळी पानं पिवळी पडतात, शिरा हिरव्या राहतात. पाणी वाढवलं की आणखी बिघडतं. चिलेटेड फेरस (मुळांना उचलता येईल अशा रूपातलं लोह) मिळतं, ते दिलं तर तात्पुरतं सुधारेल. पण खरा उपाय कुदळ. जिथे झाड लावायचं तिथे दोन-दोन फूट खणून मलबा बाहेर काढा. पोयटा माती, शेणखत आणि थोडी निंबोळी पेंड मिसळून खड्डा भरा. सगळं अंगण खणायची गरज नाही, फरशीखालचा मुरूम आहे तिथेच बरा.

खड्डा खणलात की आधी त्यात बादलीभर पाणी ओता आणि तासाने बघा. पाणी तसंच उभं असेल तर खाली दबलेला थर आहे. तो पहारीने फोडल्याशिवाय झाड लावू नका, मुळं कुजतील.

खगोलवेडा | ११ मार्च, सकाळी

मी झाडांतला नाही, सावल्यांतला आहे. तुमच्या जागेचं गणित मांडून बघितलं, मजा आली.

पुणे साडेअठरा अक्षांशावर. २२ डिसेंबरला भर दुपारी सूर्य क्षितिजापासून फक्त ४८ अंश वर असतो. सात फुटी भिंतीची सावली तेव्हा सव्वासहा फूट पडते. पलीकडचं घर दोन मजली असेल, उंची २२ फूट धरली आणि त्याचंही अंगण तेरा फुटांचं असेल, तर त्याची सावली तुमच्या भिंतीच्या अलीकडे साधारण सात फुटांपर्यंत येते. म्हणजे थंडीत तुमच्या अंगणाचा भिंतीकडचा अर्धा भाग दुपारीही सावलीत, आणि घराकडच्या सहा फुटांत ऊन.

उन्हाळ्यात उलट. १३-१४ मेच्या आसपास पुण्यात सूर्य बरोब्बर डोक्यावर येतो, शून्य सावलीचा दिवस. तिथून जुलैअखेरपर्यंत तो दुपारी डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो. त्या काळात भिंतीलगत भरपूर ऊन (ढग नसतील तर, जूननंतर ते असतातच).

सगळे लोक कंपाउंड वॉलच्या कडेने वाफा करतात आणि घराच्या बाजूला बसतात. तुमच्याकडे भाजी हिवाळ्यात हवी असेल तर ती घराच्या बाजूला पाहिजे.

मुरूमखडी | ११ मार्च, सकाळी

आणि मी दोनच दिवसांपूर्वी सांगितलंय की घराच्या बाजूला माती नको. आता पागोळीताईंनी करायचं काय? :)

गवती_चहा | ११ मार्च, दुपारी

ग्रो बॅग! विटांवर ठेवायच्या, भिंतीपासून दीड फूट सोडून. मागे माणूस जाईल एवढी वाट राहते, घराला ओल लागत नाही. मी ऑक्टोबरमध्ये मेथी, कोथिंबीर, पालक, टोमॅटो भरते. फेब्रुवारी संपला की रिकाम्या करून माती ढवळून ठेवते, मग ती जागा मोकळी.

मुरूमखडी | ११ मार्च, दुपारी

मंजूर.

चिरेबंदी | ११ मार्च, रात्री

रत्नागिरीहून. फरशी कुठली घालणार ते कुणी बोललंच नाही. आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, तेव्हा घसरून पडण्याच्या विषयात आम्ही अधिकारी माणसं. जांभा इथे स्वस्त आणि सुंदर, पण पुण्यात नुसता कोकणातला जांभा म्हणून मिरवायला आणू नका. वाहतुकीचा खर्च येतो आणि सच्छिद्र असल्यामुळे सावलीत हिरवा होतो. गुळगुळीत टाइल्स तर नकोच.

जुना_माळी | १२ मार्च, सकाळी

देशावर शहाबादीला तोड नाही. रफ घ्या, पॉलिश केलेली नको. जुन्या घरांच्या पाडकामातल्या शहाबादी फरश्या जुन्या सामानवाल्यांकडे मिळतात. दीड-दोन इंच जाड, वर्षानुवर्षं पायांनी झिजून कडा गोल झालेल्या. नवीनपेक्षा त्या चांगल्या.

बसवताना खाली सिमेंटचा गादीथर करू नका. मुरूम चांगला धुम्मसाने दाबून घ्या, त्यावर दोन इंच कच (दगडाचा बारीक चुरा), त्यावर फरशी. दोन फरश्यांत अर्धा-पाऊण इंच फट ठेवून तीही कचानेच भरा. पाणी फटीतून जमिनीत जातं. उद्या पाइप फुटला तर चार फरश्या उचलून दुरुस्ती होते, ब्रेकर लावावा लागत नाही. फटीत हरळी उगवली तर उगवू दे, गणपतीत दूर्वा घरच्या.

संत्रानगरी | १२ मार्च, दुपारी

नागपूरहून बोलतो भाऊ. तुमी सगळे हिवाळ्याच्या उन्हाचंच पाहून राहिले. एप्रिल-मेमधे ते फरशी अन् भिंत तापल्यावर संध्याकाळी चहाला कोण बसन तिथं? आमच्याकडे पारा पंचेचाळिसाच्या वर जाते, तुमचं चाळीस धरा. रात्री नऊपर्यंत फरशी वाफ सोडते. पश्चिमेकडून सावली करा पहिले. शेडनेट लावा नाही तर मांडव घाला.

खगोलवेडा | १२ मार्च, दुपारी

संत्रानगरींचा मुद्दा बरोबर. मे महिन्यात दुपारी तीन-चारला सूर्य जवळपास थेट पश्चिमेला असतो, मावळताना तर पश्चिमेच्याही उत्तरेला सरकलेला. तेव्हा दक्षिणेच्या भिंतीचा काही उपयोग नाही. बसायची जागा पश्चिम टोकाला, आणि आडोसा तिच्या पश्चिमेला.

पागोळी | १२ मार्च, रात्री

मग पश्चिम टोकाला प्राजक्त लावला तर? साबाही खूश, सावलीही.

जुना_माळी | १३ मार्च, सकाळी

प्राजक्त सावलीला बेभरवशाचा. ऐन उन्हाळ्यात पानं झडून खराट्यासारखा उभा राहतो. फुलं पावसाळ्याच्या उत्तरार्धापासून दिवाळीपर्यंत. त्याला आग्नेय कोपरा द्या, खोड भिंतीच्या सावलीत राहिलं तरी डोकं वर्षभरात भिंतीच्या वर जाईल. एकच पथ्य: बहर संपला की जानेवारीत छाटणी, हात पोचेल एवढ्याच उंचीवर ठेवायचा. पावसाळ्यात खोडावर केसाळ सुरवंटांचे पुंजके बसतात. लेक लहान असेल तर तिला आधीच दाखवून ठेवा, हात लागला तर पुरळ उठतं. पुंजका कागदाने गोळा करून साबणाच्या पाण्यात टाकायचा.

आणि त्याच्याखाली माती उघडी ठेवू नका. फुलं पहाटे खाली पडतात, आणि खाली पडलेली देवाला चालणारी हीच. साबांना ती चिखलातून वेचायला लावू नका, फरशी झाडाच्या बुंध्यापासून दीड फुटापर्यंत आणा.

अवांतरवीर | १३ मार्च, सकाळी

अवांतर: धबधब्याच्या थ्रीडी चित्राचा स्क्रीनशॉट मिळेल का? हलके घ्या.

गवती_चहा | १३ मार्च, दुपारी

पश्चिमेला जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी) पाइपचा मांडव आणि त्यावर मधुमालती?

जुना_माळी | १३ मार्च, दुपारी

मधुमालती नको, तीनशे चौरस फुटांत तर नकोच. तीन वर्षांत तिचं वजन पाइप वाकवतं, आणि शेजारच्यांच्या पत्र्यावर जाते ती वेगळीच. जुई लावा. हलकी, कापलेली सोसते, आणि पावसाळ्यात संध्याकाळी उमलते म्हणजे चहाच्या वेळेला. पहिली दोन वर्षं जुईने मांडव भरेपर्यंत त्याच पाइपांवर दोडका, घोसाळी चढवा. झोपाळा मात्र त्या मांडवाला टांगू नका, त्याला मागच्या दाराच्या लिंटेलजवळ वेगळा हुक, तोही मुरूमखडी सांगतील तसा.

सूर्यपक्षी | १४ मार्च, रात्री

वाचनमात्र होते, पण राहवलं नाही. सगळं अंगण फरशी आणि मांडवात गेलं, आता थोडी जागा किड्या-पाखरांना द्या. एक कढीपत्ता आणि एक लिंबू पुरेल. त्यांच्या पानांवर फुलपाखरं अंडी घालतात. अळी लहान असताना हुबेहूब पाखराची विष्ठा दिसते: तपकिरी, मधे पांढरा डाग, ओली चकाकी. बरेच जण ते पान तोडून टाकतात. नखाने हलकेच ढोसलं की डोक्यामागून दोन लालसर शिंगं बाहेर येतात आणि उग्र वास सुटतो. मोठी झाली की हिरवीगार होते. पाच-सात अळ्यांनी लिंबू मरत नाही, फक्त एक-दोन फांद्या बोडक्या दिसतात. लहान मुलीला दाखवायला यासारखं दुसरं काही नाही.

मुरूमखडी | १४ मार्च, रात्री

लिंबावर काटे असतात हे लहान मुलीला कळेलच.

जुना_माळी | १५ मार्च, सकाळी

लिंबू घ्यायचंच तर राहुरीच्या कृषी विद्यापीठाचं साई शरबती मागा. पण मला विचाराल तर या जागेत कढीपत्ता ठेवा, लिंबू विकत आणा. दोन्ही, शिवाय प्राजक्त आणि जुई, म्हणजे गर्दी. शेवग्याचं नाव कोणी काढायच्या आत सांगतो: भराभर वाढतो, लाकूड ठिसूळ, वादळात फांदी थेट शेजारच्या सोलरवर. गावच्या बांधावर ठीक.

कायदेशीर | १५ मार्च, दुपारी

एक रूक्ष मुद्दा. महापालिका हद्दीत झाड तोडायला वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, १९७५ चा झाडांच्या जतनाचा अधिनियम आहे. स्वतःच्या अंगणातलं झाड असलं तरी. म्हणून हौसेने सोनचाफा, आंबा, बहावा लावताना पुढच्या वीस वर्षांचा विचार करा. तसंच मागची जागा हे सामासिक अंतर (इमारतीभोवती मोकळं सोडायचं अंतर) असतं, त्यावर पक्कं छप्पर टाकू नका. वेलीचा मांडव आणि पत्र्याची शेड यात फरक आहे.

पागोळी | १६ मार्च, रात्री

तुम्हा सगळ्यांचं वाचून कागदावर आखलं. सांगते, चुका काढा.

पश्चिम टोकाला आठ बाय आठचा मांडव, खाली बसायची जागा, जुई. मधे फरशी, चेंबरवर फरशीचं झाकण. आग्नेय कोपऱ्यात प्राजक्त, त्याच्या अलीकडे पूर्वेच्या कडेला मोरी. घराच्या बाजूला ग्रो बॅग, त्यांच्या टोकाला तुळशीवृंदावन, तिथे थंडीतही ऊन आहे. दोऱ्या काढून दाराशी पुलीचा स्टँड. प्रश्न दोन. भिंतीच्या कडेला चराच्या अलीकडे अडीच फूट पट्टा उरतो, थंडीत तिथे ऊन नाही, तिथे काय लावू? आणि मोरीचं पाणी?

शिवाय नवऱ्याचं म्हणणं, कमळाचा एक टब हवाच.

गवती_चहा | १७ मार्च, सकाळी

टबात गप्पी मासे सोडा, डासांच्या अळ्या खाऊन टाकतात. महापालिकेच्या आरोग्य खात्याकडे विचारा, ते देतात. पण कमळाला ऊन लागतं, भिंतीखाली ठेवाल तर नुसती पानं. कुंड्यांखालच्या ताटल्या मात्र आठवड्यातून एकदा रिकाम्या करायच्याच. डास अंड्यापासून उडेपर्यंत आठ-दहा दिवस घेतो, आपण त्याच्या आत उरकायचं.

जुना_माळी | १७ मार्च, दुपारी

पट्ट्यात हळद. ही जागा जणू हळदीसाठीच आहे. मेअखेर-जूनमध्ये गड्डे लावायचे, तेव्हा तिथे ऊन असतं. पावसाळाभर हातभर पानं, गौरीला पातोळ्या करायला पानं घरची. डिसेंबरात सावली सरकेपर्यंत पानं पिवळी पडायला लागलेली असतात, तिला तेव्हा ऊन नकोच असतं. जानेवारी-फेब्रुवारीत काढणी. तिच्यात मधूनमधून आंबेहळद. उरलेल्या जागी नेचे, पानओवा. मनीप्लांट जमिनीत लावू नका, भिंत खाईल.

मोरीचं पाणी: भांडी घासल्याचं पाणी आधी जाळीतून आणि छोट्या वाळू-खडीच्या टाकीतून काढा, मग कर्दळीला द्या. अळूही त्यावर माजतो, पण साबणाच्या पाण्यावरचा अळू खायचा नाही, नुसता बघायचा. भाजीच्या अळवाला वेगळी जागा. केळीला हे पाणी आवडतं खरं, पण केळीचा बुंधा पाच फूट जागा मागतो आणि तुमच्याकडे ती नाही. कपड्यांच्या मशीनचं पाणी झाडांना नकोच, त्यातला सोडियम माती घट्ट करतो.

चिरेबंदी | १७ मार्च, रात्री

कोकणात आम्ही पातोळ्या नागपंचमीलाच करतो, तोपर्यंत पानं लहान असली तरी चालवतो. पानं तोडताना एका झाडाची दोनच. गड्डा पोसायला बाकीची लागतात.

मुरूमखडी | १८ मार्च, सकाळी

आखणी चांगली. एकच दुरुस्ती. फरशी मेच्या मध्यापर्यंत घालून झाली पाहिजे, आणि वळवाच्या पहिल्या सरीत छत्री घेऊन मागे उभं राहून पाणी कुठे थांबतं ते खडूने आखा. तेवढ्या फरश्या उचलून कच सारखा करायचा, मग मृगात झाडं. नर्सरीसाठी उरुळी कांचनला एक चक्कर मारा, सोलापूर रस्त्याला ओळीने आहेत. सकाळी जा, आणि मोठी मोठी झाडं गाडीत भरायचा मोह आवरा. पिशवीच्या तळातून मुळं बाहेर आलेली रोपं घेऊ नका.

पागोळी | ४ जून, रात्री

धागा वर काढतेय. फरशी झाली, जुनी शहाबादीच. वळवात एकाच ठिकाणी पाणी थांबलं, चेंबरच्या डाव्या अंगाला, ते सारखं केलं. मलब्याच्या चौदा-पंधरा गोण्या निघाल्या, आणि एक अख्खं घमेलं. खड्डे भरून तयार, हळदीचे गड्डे साताऱ्याहून मामीने पाठवलेत.

आता नवीन पेच. मोरी खाली बसून घासायची केली होती, भांड्यांच्या मावशी म्हणाल्या, “गुडघे गेलेत माझे, उभ्यानं करायची काहीतरी सोय करा.” ओटा किती उंच ठेवू?

मुरूमखडी | ५ जून, सकाळी

स्वयंपाकाचा ओटा साधारण ३२-३४ इंचांचा असतो, पण तो आकडा घेऊ नका. मावशींना सरळ उभं राहायला सांगा, कोपरात हात दुमडायला लावा आणि जमिनीपासून कोपरापर्यंत मोजा. सिंकची वरची कड त्याच्या तीन-चार इंच खाली. नळाची मान उंच घ्या, कुकर खाली मावला पाहिजे. ओट्याखाली भिंत बांधून बंद करू नका, उंदीर-घुशी राहायला येतात. दोन कडप्प्याचे पाय पुरेत.